पानमळ्याचा पंचनामा

"बूट काढा साहेब."

"आक्का, मी पंचनाम्याला आलोय, देवळात नाही."

"मग देवळात घालून जावा. हितं काढा."

कृषी सहायक डोईफोडे बीडकडचे. वय तिशीच्या आतलं, तोंडावर एकावर एक दोन मास्क, हातांत रबरी मोजे, डोक्याला प्लास्टिकची टोपी. दुसऱ्या लाटेचं वर्ष होतं ते. नखशिखान्त गुंडाळून आलेल्या माणसाला ही बाई पाय तेवढे उघडे करायला सांगत होती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी आकाशाकडं पाहिलं.

मी तिथं होते ती कामानं. गावात सरकारी अर्ज भरायचं केंद्र माझं. सातबारा, रेशन, पेन्शन, पीकविमा, सगळ्यांचे अंगठे माझ्याच मशिनीवर लागायचे. कोण खरा, कोण लबाड आणि कोण गरजेपुरता लबाड, याचा अंदाज मला तलाठ्यापेक्षा जास्त. त्या वर्षी नाशवंत माल पिकवणाऱ्यांसाठी सरकारनं महामारीची मदत काढली होती आणि डोईफोडेंच्या मोबाइलला आमच्या शिवारात रेंज नव्हती. म्हणून माझा मोबाइल आणि त्याच्यामागून मी, अशी आमची वरात बांधाबांधानं फिरत होती.

आमचं गाव मिरजेच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या शिवेजवळ. इथं दर चार रानांमागं एक पानमळा. शेवगा आणि शेवरीच्या उंच झाडांवर नागवेली चढवलेल्या असतात. आत शिरलं की ऊन संपतं. पानमळ्यात चपला घालून कुणी जात नाही. सुतक असलेला माणूस जात नाही. बायका महिन्याचे चार दिवस जात नाहीत. कारण विचारलं तर म्हातारी माणसं सांगतात, वेलीला कळतं. मी अर्ज भरणारी बाई, पुरावा नसलेलं लिहीत नाही. पण मीही त्या चार दिवसांत कधी गेले नाही, हेही सांगून टाकते.

डोईफोडेंनी बूट काढले. पायमोजे काढताना तोल गेला म्हणून ते बांधावरच्या एका सपाट दगडावर बसायला वाकले.

"त्याच्यावर नको ओ," पद्माक्का ओरडली. "ती माझी खुर्ची हाय."

"खुर्ची?"

"तीस वर्षं नोकरी केल्यावर मिळाल्या."

भूपालआण्णा मळ्याच्या आतून हसले. तिचा नवरा. उंच, वाळका, पांढरी टोपी, अंगठ्यात पान खुडायची लोखंडी नखी. नखी काढलेली मी त्यांना फक्त जेवताना पाहिलेली. त्यांच्या हसण्याचं कारण मला ठाऊक होतं. लग्न होऊन आल्यापासून ते चार दिवस पद्माक्का त्या दगडावर उभी राहायची. घरात बसून राहणं तिला जमायचं नाही आणि आत जायची सोय नव्हती. मग दगडावरून हुकूम. "ती चवथी ओळ ढिली पडल्या, बांधा की." "अहो, ते पान राहिलं, डोळे काय उसाला ठेवलाय?" आण्णा म्हणायचे, चार दिवस बाहेर असली की मळ्यात जास्त ऐकू येते. पुढं वय झालं, ते चार दिवस संपले, दगडाची गरज उरली नाही. तरी दगडावर दुसऱ्या कुणी बसलेलं तिला चालायचं नाही.

डोईफोडे आत गेले आणि थबकले. हिरवागार मळा. पान न् पान तळहाताएवढं, तकतकीत.

"आण्णा, यात नुकसान कुठंय?"

"खड्ड्यात," पद्माक्का म्हणाली.

"म्हणजे?"

"चला, दाखवते."

मळ्यामागं खड्डा होता. त्यात खुडलेली पानं टाकलेली, खालची काळी पडलेली, वरची त्याच सकाळची. पानपट्ट्या बंद व्हायला सगळ्यांत पहिल्या आणि उघडायला सगळ्यांत शेवटच्या. लोक थुंकतात, म्हणून. लग्नं पंचवीस माणसांत, बारशी फोनवर. पान घेणार कोण? मिरजेचा बाजार दोन महिने मुका होता. गावातल्या बाकीच्या मळेकऱ्यांनी शहाणपणा केला, मळ्याकडं जायचं बंद केलं. न खुडलेलं पान जून होतं, पिवळं पडतं, वेल वरच्या वर पसरते आणि बुडात दम धरत नाही. म्हणजे पंचनाम्याला उत्तम. ही दोघं मात्र रोज खुडत होती आणि रोज खड्ड्यात ओतत होती.

"आक्का, खड्ड्याचा पंचनामा होत नाही," डोईफोडे खरोखर वाईट वाटून म्हणाले. "मला उभ्या पिकाचं नुकसान दाखवावं लागतं. तिसरा हिस्सा तरी पाहिजे. शेजारचा मळा बघा, कसा पिवळा जर्द आहे. त्यांचं मी डोळे मिटून लिहिलं."

"त्यानं मळा मारला, त्याला पैसं. आमी जगवला, आमाला काय?"

"शाबासकी," मी म्हणाले.

"तुझ्या मशिनीत भरती का शाबासकी?"

डोईफोडेंनी आवाज खाली आणला. "असं करा. आठ-दहा दिवस खुडू नका. मी फेरपाहणी लावतो. तोवर पिवळं पडंल."

पद्माक्का म्हणाली, "दुभती म्हैस आठ दिवस न पिळता ठेवशील का रे लेकरा? सरकारला कास सुजलेली दाखवायला?"

बांधावर त्यांचा मुलगा उभा होता. सन्मती. कुपवाडच्या एका कारखान्यात कामाला होता, तो बंद म्हणून घरी. त्यानं हे सगळं ऐकलं आणि चप्पल बांधावर आपटली.

"ऐकलं आई? सरकार पण तेच सांगतंय, जे मी सांगतोय. ह्याला आता कोण पीक म्हणत न्हाई. ह्या पावसाळ्यात, आडसालीला, ऊस लावू. साखर कारखाना तोडणी करतोय, पैसं खात्यात येतंय."

"ऊस मुडदा बी लावतोय," आण्णा पहिल्यांदा बोलले.

"मग मुडद्याचंच बरं चाललंय गावात!"

तिथंच, माझ्या आणि सरकारच्या साक्षीनं, बाप-लेकाचा करार झाला. सन्मती म्हणाला, सरकारनं ह्या मळ्याला नुकसानीतलं पीक म्हणून मदत दिली, तर मी पुन्हा उसाचं नाव काढणार न्हाई. न्हाई दिली, तर पावसाळ्यात शेवगा तोडायचा. आण्णांनी पद्माक्काकडं पाहिलं. तिनं मान हलवली. तिला वाटलं असणार, सरकार म्हणजे कुणीतरी शहाणा माणूस असेल. खड्डा बघितला की त्याला कळेल.

डोईफोडेंनी फेरपाहणीची तारीख टाकली. बूट घालताना ते दगडावर बसले नाहीत.

त्यानंतर चौथ्या का पाचव्या दिवशी पद्माक्काला ताप आला. ती म्हणाली, घाम जिरला. मग वास जायला लागला. पानमळ्यात उभं राहून पानाचा वास येईना, तेव्हा ती स्वतःच सन्मतीला म्हणाली, "ने बाबा मला." मिरजेला दवाखान्यात खाट मिळाली, पण भेटायला सोडत नव्हते. आण्णांच्या मोबाइलवर रोज तिचा फोन यायचा. त्यांना कानाला लावून ऐकू येत नाही, म्हणून ते माझ्या केंद्रात येऊन फोन मोठ्यानं करायला सांगायचे. त्यामुळं मला सगळं ऐकू यायचं. नवरा-बायकोतलं खाजगी असं त्यात काही नसायचंच.

"खुडलं?"

"खुडलं."

"लिंबाकडच्या ओळी?"

"त्या बी."

"एकटेच?"

"मग काय सरकार येतंय?"

"सन्मतीला घ्या की."

"त्याला नखी टोचत्या."

ती हसायला जायची आणि खोकला यायचा. मग कुणी तरी फोन काढून घ्यायचं.

एक दिवस फोन आला तो तिचा नव्हता. मी आवाज लहान करायला बटण शोधत राहिले, तोवर आण्णांनी ऐकलं होतं. ते उठले, टोपी सारखी केली आणि मला म्हणाले, "किती झालं?" अर्ज भरल्यावर माझे वीस रुपये विचारायची त्यांची सवय. मी मान हलवली. ते गेले.

तिला गावात आणू दिलं नाही. मिरजेतच उरकलं. सन्मती एकटा गेला होता, प्लास्टिकचे कपडे घालून. त्यानं लांबून पाहिलं. आण्णांना तेवढंही नाही.

आणि त्या दिवसापासून मळ्यात कुणी गेलं नाही. घरच्यांना सुतक. कामाला येणारा गडी आधीच गाव सोडून गेलेला. शेजारीपाजारी आले असते एरवी, आमच्याकडं सुतकात दुसऱ्याचा मळा खुडून द्यायची रीत आहे. पण करोनाच्या घराच्या बांधावर त्या दिवसांत पाय कोण ठेवणार? भाकरी सुद्धा लोक फाटकाला लटकवून पळत होते. मीही लटकवली, मीही पळाले.

आण्णा रोज सकाळी बांधापर्यंत यायचे आणि तिथंच उभे राहायचे. मळा त्यांच्या डोळ्यांदेखत पिवळा पडत गेला. आधी वरचे शेंडे, मग मधली पानं. पाऊस लांबलेला, आत कुबट वास सुटला. दोन महिने रोज खुडून त्या दोघांनी जे नुकसान दिसू दिलं नव्हतं, ते तिच्या सुतकात दिसायला लागलं. हिशेब लावायची मला सवय, आणि हा तर सरळ होता. आक्का जिवंत असती, तर मळा नियमात बसला नसता.

डोईफोडे फेरपाहणीला आले ते ठरल्यापेक्षा उशिरा, पण सुतक फिटायच्या आधी. त्यांना घरातलं कळलेलं नव्हतं. बांधावर येताच त्यांनी न सांगता बूट काढले आणि इकडंतिकडं पाहिलं.

"आक्का कुठायत? आज शाबासकी घ्या म्हणावं माझी."

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी मास्क खाली ओढला, परत वर ओढला.

"आण्णा," ते म्हणाले, "आता मात्र बसतंय सगळं. निम्म्याच्या वर आहे. मी आत्ता भरतो. फक्त एक फोटो. खातेदार पिकात उभा पाहिजे. दोन मिनिटांचं काम."

आण्णा बांधावर उभे होते. अनवाणी, नेहमीसारखे. "सुतक हाय," ते म्हणाले.

"हो, पण..."

"फिटल्यावर या."

"पोर्टल आज संध्याकाळी बंद होतंय आण्णा. मुदत संपतेय. माझ्या हातात असतं तर मी महिनाभर थांबलो असतो."

"बांधावरनं काढा."

"बांधावर पीक नाही. वरून परत येतो फोटो. दोन परत आलेत माझे." त्यांनी मोबाइल पुढं करून दाखवायचा प्रयत्न केला. आण्णांनी पाहिलं नाही. "बरं, खातेदारच पाहिजे असंही नाही. घरातलं कुणीही चालतंय. आधार कार्ड तेवढं पाहिजे."

घरातलं म्हणजे सन्मती. त्यालाही सुतक.

एव्हाना शेजारच्या बांधावर दोघं-चौघं जमली होती. लांब, तोंडाला टॉवेल लावून. त्यांचे फोटो केव्हाच वर गेलेले. त्यातला बाबगोंडा ओरडला, "आण्णा, जावा की! देव बी बंद हायत सध्या, कोण बघतंय?"

"लॉकडाऊनमधी सुतक लागत न्हाई!" दुसरा म्हणाला. कुणी हसलं आणि लगेच गप्प झालं.

आण्णा हळू आवाजात बोलले, आम्हाला तिघांनाच ऐकू जाईल असं. "तीस वर्षं ती ह्या दगडावर उभी राहिली. कुणी बघत नव्हतं. कैकदा मी म्हटलं, ये आत, कोण हाय हितं, हातघाईचं दिवस हायत. न्हाई आली. एकदा बी न्हाई." त्यांनी नाक पुसलं. "आता तिच्याच सुतकात मी जाऊ?"

डोईफोडे माझ्याकडं बघत होते. मी सन्मतीकडं बघत होते. त्याच्या डोळ्याखाली काळं झालं होतं, दाढी वाढलेली. ह्याला तर मळा नकोच होता. नुसतं गप्प उभं राहायचं, संध्याकाळ होऊ द्यायची. करार त्याच्याच बाजूनं फिटत होता. त्याला बापाशी भांडायचीही गरज नव्हती. मी मनात म्हणाले, बघू, ह्या पोराची किंमत आज कळेल.

सन्मतीनं चपला काढल्या.

"सन्मती," आण्णा म्हणाले.

त्यानं चपला दगडाशेजारी जोडीनं ठेवल्या. इतक्या नीट ठेवलेल्या चपला मी त्याच्या हातून कधी पाहिल्या नव्हत्या.

"सन्मती, आईचं सुतक हाय."

"आई गेली आण्णा." तो म्हणाला. "मला तर हात बी लावू दिला न्हाई. मळा तरी राहू दे की."

आणि तो आत गेला.

पिवळ्या वेलींत तो उभा राहिला. हात कुठं ठेवावेत ते कळेना म्हणून पोटाशी धरलेले. डोईफोडे म्हणाले, मास्क काढा, चेहरा दिसला पाहिजे. त्यानं मास्क काढला. फोटो माझ्याच मोबाइलवर निघाला. वर गेला, आणि पहिल्या फटक्यात मंजूर अशी हिरवी खूण आली. सरकारचं इतकं लवकर काही झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

मी मागं वळले. आण्णा पाठ करून रस्त्याकडं तोंड करून उभे होते. सन्मती बाहेर आला, तसे ते वळले, दोन पावलं चालले आणि दगडावर चढले. सन्मतीनं चपला उचलल्या, हातातच धरल्या आणि तसाच अनवाणी घराकडं गेला.

पैसे दिवाळीच्या आधी आले. किती, ते आण्णांनी विचारलं नाही आणि मला सांगायची पाळी आली नाही. सन्मतीनं शब्द पाळला. शेवग्याला कुऱ्हाड लागली नाही. पानपट्ट्या उघडल्या, मिरजेचा बाजार बोलायला लागला. कुपवाडचा कारखानाही सुरू झाला, पण सन्मती परत गेला नाही. मळ्यात उतरला. पहिला महिनाभर त्याच्या अंगठ्याला चिंध्या बांधलेल्या असायच्या, कारण नखी टोचायची.

सुतक फिटलं. आण्णा मात्र मळ्यात गेले नाहीत. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. कधीच नाही.

रोज सकाळी यायचे आणि दगडावर उभे राहायचे. थकले की काठीवर रेलायचे, पण पाय दगडावर. आणि तिथून, जसं ती करायची तसं, सुरू व्हायचं.

"ती वेल सैल पडल्या. लव्हाळ्यानं बांध, सुतळीनं नको. कापत्या."

"हां."

"देठ ठेवून खुड. म्हशीगत ओरबाडू नको."

"हां आण्णा."

वर्षातून एकदा वेली झाडांवरून खाली घेऊन, गुंडाळून मातीत पुरतात आणि शेंडा तेवढा वर ठेवतात. त्याला उतरण म्हणतात. मळेकऱ्याची सगळी अक्कल त्यात. जरा जोर जास्त झाला की वेल मोडते. पहिली उतरण सन्मतीनं केली तेव्हा निम्मं गाव बांधावर बघायला. आत पोरगा घामाघूम, बाहेर दगडावरून बाप ओरडतोय, "हळू! अजून हळू! आईचा पाय चेपायचास तसं धर!" सन्मतीनं मध्येच हात सोडले आणि बाहेर येऊन उभा राहिला.

"आण्णा, पाया पडतो. आत या. दोन हात लावा."

"नको."

"किती दिवस राग धरणार?"

"उन्हं चढत्यात. आटप."

सन्मती परत आत गेला. त्या उतरणीत बऱ्याच वेली मोडल्या, पुढच्या वर्षी कमी.

गावानं निकाल देऊन टाकला होता. बाप-लेकाचं फाटलं. म्हातारा हट्टी, पोरानं मळा वाचवला तरी माफ करत नाही. बाबगोंडा तर म्हणायचा, सरकारची मदत ज्याला मिळाली, त्याच्या घरात भांडण फुकट. मीही थोडंफार तेच धरून चालले होते. माणसं पैशापायी बोलायची बंद होतात, हे माझ्या केंद्रात रोजचं. इथं पैसा नव्हता, पण मला वाटलं, जात तीच असणार.

मग तीन-साडेतीन वर्षांनी आण्णा हयातीच्या दाखल्याला माझ्याकडं आले. पेन्शन चालू ठेवायला दर वर्षी जिवंत असल्याचा अंगठा द्यावा लागतो. त्यांचा अंगठा म्हणजे माझ्या मशिनीला वैताग. पानं खुडून खुडून, नखी घासून घासून रेषा गुळगुळीत झालेल्या. दर वर्षी आम्ही तेल लावायचो, ओल्या फडक्यानं पुसायचो, दहादा दाबायचो. पद्माक्का असायची तेव्हा म्हणायची, "मशीन म्हणतंय मेलाय म्हणून, मग माझं सुटलं!"

त्या दिवशी त्यांनी अंगठा ठेवला आणि मशीन पहिल्याच झटक्यात वाजलं.

"अगंबाई, आण्णा!" मी म्हणाले. "लागला की एकदम! रेषा उगवल्या तुमच्या."

ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी अंगठा डोळ्यांजवळ नेला आणि कितीतरी वेळ बघत राहिले. दुसऱ्या हाताच्या बोटानं चाचपला. मऊ झालेला. मळेकऱ्याचा राहिलाच नव्हता तो.

मला गप्प राहता येत नाही, हा माझा स्वभाव. मी म्हणाले, "आण्णा, पुरे झालं आता. पोरगं झुरतंय. काय एवढा राग?"

"राग?" त्यांनी वर पाहिलं. "कुणाचा?"

"सन्मतीचा. सुतकात आत गेला म्हणून."

"त्याच्यावर कसला राग? तो गेला म्हणून तर मळा हाय."

"मग आत का जात नाही?"

त्यांनी दाराकडं पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं.

"रत्ना, तू हिशेबाची बाई हायस, तुला कळंल. सुतकात आत माणूस गेला. का गेला, ते मला कळतंय, तुला कळतंय. वेलीला कुठं कळणार? ती एवढंच बघणार, आत आला. मग कुणीतरी तेवढं बाहेर राहायला पाहिजे, का नको? त्यानं राहायचं म्हटलं, तर मळ्यात कोण करणार? त्याची बाकी माझ्या नावावर घेतल्या. मी राहतोय बाहेर."

"म्हणजे त्याच्या बदली?"

"पद्मा राहायची की. ती कुणाच्या बदली राहायची, मी कधी विचारलं न्हाई." ते थांबले. "उभं राहिल्याशिवाय कळत न्हाई ते. आत सगळं आपलं, आणि आपण बाहेर. लई लांब वाटतंय ओ ते. दोन पावलं."

दाखल्याचा कागद मशिनीतून बाहेर येऊन लोंबत होता.

"त्याला सांगू नको," ते म्हणाले. "सांगितलंस, तर तो येऊन शेजारी उभा राहील. मग वेली बघणार कोण?"

"आणि त्याला वाटतंय तुम्ही माफ केलं नाही, त्याचं काय?"

"वाटू दे. रागावलेल्या बापापुढं पोरगं नीट काम करतंय." एवढं म्हणून ते हसले, पण ते हसणं चेहऱ्यावर फार टिकलं नाही. उठले, टोपी सारखी केली. "किती झालं?"

"वीस," मी म्हणाले. त्या दिवशी मी पैसे घेतले. घेतले नसते, तर त्यांना कळलं असतं मला काय झालंय ते.

पुढच्या वर्षी ते दाखल्याला आले नाहीत. थंडीत, झोपेतच गेले. ह्या वेळी खांदा द्यायला गाव होतं. सन्मतीनं सगळं स्वतःच्या हातांनी केलं.

दोन दिवसांनी मी मळ्याकडं गेले. आत शेजारचे चौघं-पाच जण खुडत होते. बाबगोंडाही होता, अनवाणी, आणि नेहमीचं तोंड बंद. सुतकात दुसऱ्याचा मळा खुडून द्यायची रीत परत आलेली. सन्मती बांधावर उभा होता. दगडावर नाही, दगडाच्या शेजारी, जमिनीवर. त्याचा उजवा अंगठा काळा आणि गुळगुळीत, आण्णांचा असायचा तसा.

"ये वैनी," तो म्हणाला. मग आत बघू लागला. "शेवटपर्यंत आत आले न्हाईत. माफ केलं न्हाई मला."

सांगू नको म्हणणारा माणूस आता नव्हता. आणि ज्या कारणासाठी सांगायचं नव्हतं, ते कारणही उरलं नव्हतं. मी सांगितलं. अंगठ्यापासून सगळं, त्यांच्याच शब्दांत, जेवढं आठवलं तेवढं.

सांगून झालं तरी तो आतच बघत होता. बाबगोंडानं एक वेल ओढली, ती जरा जोरात. सन्मतीचं तोंड उघडलं, ओरडायला, हळू म्हणून. आवाज आला नाही. तो खाली वाकला आणि दगडावरचा पाला हातानं बाजूला सारला. दगडाच्या मधोमध दोन पावलांची जागा गुळगुळीत झालेली. तिची कुठली आणि त्यांची कुठली, वेगळं काढता येत नव्हतं.

"सुतक फिटलं की जाशील ना आत?" मी विचारलं.

"जायलाच पाहिजे की वैनी," तो म्हणाला. "पण आता माझ्यासाठी बाहेर राहणारं कुणी न्हाई."